पाऊण सेकंद

भाच्याची रायफल सहाशे डॉलरची होती, जुनी, थर्टी-ऑट-सिक्स. तिच्यावर बसवायला त्याने जी दुर्बीण निवडली ती साडेतीन हजारांची. महिनाभर तो दर रविवारी बोझमनहून आमच्या लिव्हिंग्स्टनला यायचा आणि जेवण झालं की लॅपटॉप उघडून बसायचा. कोष्टकात सोळा दुर्बिणी, प्रत्येकीपुढे वीस रकाने. वजन, नळी 30 मिलिमीटर की 34, नेमाची खूण पहिल्या पातळीवर की दुसऱ्या, एका क्लिकला गोळी किती सरकते.

"मामा, यातली सगळ्यात चांगली कुठली?"

मी विचारलं, "कशासाठी?"

"शिकारीसाठीच की!"

हे उत्तर पुरेसं नव्हतं. पण तेव्हा मी ते पुरेसं धरलं, हे आधीच सांगून टाकतो.

शिकार म्हटल्यावर आपल्याकडचा वाचक बिचकेल आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं. मोंटानाची घडी वेगळी आहे. इथे कुठल्या भागात किती जनावरं मारायची हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, परवान्याचा पैसा त्याच खात्याकडे जातो, आणि 1937 च्या कायद्याने रायफलींवर आणि काडतुसांवर लागणारा 11 टक्के केंद्रीय करही वन्यप्राण्यांसाठीच राखलेला असतो. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस टाकून देणं इथे गुन्हा आहे. आमच्या गावातल्या कितीतरी घरांत हिवाळाभर एल्कचंच मांस शिजतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातला प्राणी. भाचा 1985 नंतरचा, म्हणून त्याला आधी शिकारशिक्षणाचा वर्ग करावा लागला. राज्यात सलग 180 दिवस राहून झाल्यावर तो स्थानिक ठरला आणि त्याला एल्क मादीचा परवाना मिळाला. सगळं रीतसर. घाईघाईने उरकलेलं त्यात काही नव्हतं.

दुर्बिणीतलं मला थोडंफार कळतं. महाग दुर्बिणीत पैसा खरा जातो तो काचेत आणि काचेवरच्या लेपात. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के उजेड परत फिरतो. असे बारा पृष्ठभाग ओलांडेपर्यंत जवळजवळ 40 टक्के उजेड वाटेतच संपतो. 1935 मध्ये झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप चढवून हे परावर्तन कमी करायची युक्ती शोधली. आज चांगल्या दुर्बिणीतून नव्वद टक्क्यांच्या आसपास उजेड डोळ्यापर्यंत पोचतो. तिन्हीसांजेला, जेव्हा जनावर रानातून उघड्यावर येतं, तेव्हा हा फरक कळतो. दुकानातल्या दिव्यांखाली सगळ्याच दुर्बिणी लख्ख दिसतात.

दुसरी गोष्ट भागाकाराची. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यावर पडतो. 56 चं भिंग आणि 25 पट वर्धन म्हणजे जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातपर्यंत उघडते, माझ्या वयाला पाचपर्यंत. म्हणजे 25 पटीवर संध्याकाळी डोळा उपाशीच राहतो. तेच 42 चं भिंग 6 पटीवर ठेवलं तर बरोबर 7 मिलिमीटर मिळतात.

हे मी त्याला सांगितलं, त्यानेही मन लावून ऐकलं, आणि घेतली ती 5 ते 25 पटींची, 56 चीच. किलोभराहून जड. "जास्त असलेलं बरं, मामा. नको तेव्हा वापरायचं नाही."

माझे आजोबा सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगून होते. नळीच्या टोकाला पितळेची माशी, बाकी काही नाही. रानडुक्कर भातात घुसलं तरी ते लांबून बार काढायचे नाहीत. "डोळो दिसलो तरच बार काढूचो," म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, बंदूक जुनी म्हणून असं म्हणत असतील.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पॅराडाइज व्हॅलीत गेलो. एका बाजूला अब्सारोका, दुसऱ्या बाजूला गॅलाटिनची रांग, मधून यलोस्टोन नदी. बर्फ पडू लागलं की एल्कचे कळप वरच्या रानातून या खोऱ्यात उतरतात. जमीन एका सत्तरीच्या रँचवाल्या बाईंची. फाटकाची किल्ली देताना त्यांनी रायफलीकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या रायफलीवर चार पटींची दुर्बीण आहे, एकाच वर्धनाची. तिच्या नळीचा काळा रंग हात लागून लागून उडालाय.

पहिल्या सकाळी पाइनच्या दाट झाडीत साठ-सत्तर पावलांवर एक मादी उभी राहिली. भाच्याने रायफल खांद्याला लावली आणि तो दुर्बिणीतून शोधतच राहिला. वर्धन चढवलेलं होतं. 25 पटीवर शंभर मीटरवरचं जेमतेम दीड मीटर दिसतं. त्याला नुसते तपकिरी केस दिसले. खांदा की मांडी की झाडाची साल, काही उमजेना. त्याने वर्धन उतरवेपर्यंत मादी गेली.

दुपारी उतारावर सेजच्या झुडपांत आम्ही पालथे पडलो होतो. समोरच्या टेकडीवर सात माद्या चरत होत्या. अंतर मोजायचं यंत्र माझ्या हातात होतं. मी वाचून सांगितलं, "580 यार्ड."

मीच सांगितलं.

त्याने रायफल 200 यार्डांवर जुळवून घेतली होती. तिथून 580 पर्यंत गोळी सुमारे पावणेदोन मीटर खाली पडते. तेवढं त्याने क्लिक मोजत वर चढवलं. वाऱ्यासाठी थोडं बाजूला. पुढे बॅगेचा टेकू, श्वास अर्धा सोडलेला. मी त्याच्याकडे पाहत होतो. उन्हाळाभर तो मैदानावर 600 यार्डांवरची लोखंडी पाटी वाजवत आला होता, त्यामुळे हे त्याला जमेल याची मला खात्री होती. दुर्बिणीत मादी एवढी मोठी दिसत होती की तिच्या फासळ्यांवरचा केस न् केस दिसावा. त्याने चाप दाबला. आकडेमोड बरोबर होती. हात स्थिर होता. साडेतीन हजारांच्या काचेने एक शब्द खोटा सांगितला नव्हता.

त्या अंतरावर गोळीला पोचायला पाऊण सेकंद लागतो. त्या पाऊण सेकंदात मादीने चरता चरता एक पाऊल पुढे टाकलं.

गोळी फुप्फुसांत लागायची, ती पोटात लागली. मादी पाठ वाकवून उभी राहिली, मग कळपामागे हळूहळू चालू लागली आणि कड्यापलीकडे दिसेनाशी झाली. भाचा पुन्हा काडतूस भरत होता, पण नेम धरायला काही उरलंच नव्हतं.

आम्हाला तिथपर्यंत पोचायला पाऊण तास लागला. बर्फावर थोडंसं काळपट रक्त आणि त्यात हिरवट चोथा. पोटातला. असं दिसलं की लगेच मागे लागायचं नसतं. हुसकलेलं जनावर मैलोन् मैल जातं, बसू दिलं तर जवळच बसतं. म्हणून थांबायचं. थांबलो तर अंधार झाला आणि त्या खोऱ्यात ग्रिझली अस्वलं आहेत, रात्री रक्ताच्या मागावर जाता येत नाही. आम्ही गाडीत बसून राहिलो. भाचा काही बोलला नाही. एकदाच म्हणाला, "ती आत्ता बसली असेल ना?"

मी म्हटलं, "हो."

"दुखत असेल."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

उजाडल्यावर अस्वलासाठीचा मिरपुडीचा फवारा हातात धरून आम्ही माग काढत गेलो. तीन ठिकाणी ती बसून उठली होती. तिन्ही ठिकाणी तिच्या अंगाच्या उबेने बर्फ वितळून पुन्हा गोठलं होतं, बशीसारखं, आणि कडेला रक्त. रात्रभर ती उठत-बसत राहिली होती हे त्या बर्फात वाचता येत होतं. दुपारी बाराच्या सुमारास ओढ्याच्या वळणावर मॅगपाय आणि डोमकावळे उडताना दिसले. शंभर यार्डांवरून दुर्बिणीतून पाहिलं तर ती पडलेली होती, पोट उघडलेलं, आणि भोवतीच्या बर्फात अस्वलाची पावलं, ताजी. तिथे पुढे जायचं नसतं. आम्ही मागे पाऊल टाकत परत फिरलो.

जनावर मेलं होतं आणि त्याच्या गोळीने मेलं होतं. गाडीशी आल्यावर भाच्याने परवान्याचा टॅग काढला, त्यावर महिना आणि तारखेची खूण केली. मांसाचा एक तुकडाही हाती न येता त्याचा हंगाम संपला. मला त्याला सांगावं लागलं नाही.

किल्ली परत द्यायला गेलो तेव्हा बाईंनी विचारलं, "किती लांब?"

"580."

त्यांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. "पाऊल टाकलं असेल तिने," म्हणाल्या. मग आत जाऊन आमच्यासाठी कॉफी घेऊन आल्या.

त्या हिवाळ्यात भाच्याने दुर्बीण विकली. मला वाटलं आता शिकारही सोडेल, आणि सोडली असती तरी मी त्याला कमी लेखलं नसतं. पण उन्हाळ्याच्या अखेरीस तो मला घेऊन दुकानात गेला. सोबत लॅपटॉप नव्हता. संध्याकाळी मुद्दाम उशिरा गेलो. त्याने तीन दुर्बिणी निवडून काउंटरवर ठेवल्या आणि दुकानदाराला विचारलं, "या दाराबाहेर नेऊन पाहू का?" दुकानदाराने होकार दिला.

मागच्या गल्लीत अंधारून आलं होतं. टोकाला एका शेडखाली लाकडं रचलेली होती. भाचा एकेका दुर्बिणीतून त्या लाकडांच्या ढिगातल्या सावलीकडे पाहत राहिला. उजेडातलं काहीच पाहिलं नाही. सहा पटींवर ठेवून, डोळा मागेपुढे करून, पाच पाच मिनिटं. मग पुन्हा पहिलीतून. पहिली दोन भिंगं ढीग दाखवत होती. तिसऱ्यातून लाकडाच्या टोकावरची वर्तुळं मोजता येत होती. अडीच ते दहा पटींची, 42 चं भिंग, विकलेल्या दुर्बिणीच्या निम्म्या वजनाची. किंमत फारशी कमी नव्हती. पैसा काचेचाच असतो, हे मी वर म्हटलंच आहे. वर अंतरासाठी फिरवायच्या मोठ्या चकत्या नव्हत्या, झाकणाखाली लहान स्क्रू होते, एकदा जुळवून बंद करायचे.

"लांबचं काय?" मी विचारलं.

"लांबचं चालत जायचं, मामा."

हंगाम आल्यावर बाईंनी किल्ली दिली. काही विचारलं नाही, फक्त रायफलीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ. कळप 400 यार्डांवर होता. मी यंत्र खिशातच ठेवलं. ओहोळाच्या खोलगटातून आम्ही कोपरांवर सरपटत निघालो. अंगातल्या केशरी जॅकिटांत बर्फ शिरत होतं. वारा तोंडावर होता. तासाभराने एका दगडाआड पोचलो तेव्हा अंतर 170 च्या आसपास उरलं होतं आणि सूर्य पावणेपाचलाच बुडून गेला होता. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्धा तास. म्हणजे सव्वापाच.

नुसत्या डोळ्यांना मला उतारावर काळे गोळे दिसत होते. भाच्याने दुर्बीण सहा पटींवर ठेवली, तोंड बाजूला वळवून श्वास सोडला, काचेवर वाफ धरू नये म्हणून, आणि कुजबुजला, "दोन आहेत. एकीमागे एक."

मला एकच दिसत होती. गोळी पहिलीतून आरपार गेली असती तर मागचीला लागली असती.

तो थांबला. पाच दहा. पाच बारा. बोट चापाच्या बाहेर, दस्त्याला टेकवलेलं. दोघी एकाच जागी चरत होत्या. मी घड्याळाच्या काट्याकडे पाहत होतो. पाच पंधरा झाले.

"झालं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, पण डोळा दुर्बिणीवरच होता. आणि मग, पाच अठराला, पुढच्या मादीने एक पाऊल टाकलं. तिची पूर्ण कूस मोकळी झाली, आडवी, स्थिर. त्याच्या खांद्यांवरून मला कळलं.

बोल्ट मागे ओढल्याचा आवाज झाला. त्याने काडतूस काढून तळहातावर घेतलं, मग बाकीची तीन, आणि रिकामी रायफल माझ्याकडे सरकवली.

"बघ मामा."

मी डोळा लावला. बाहेर अंधार पडला होता आणि काचेत अजून सगळं स्वच्छ होतं. तिच्या ओठांभोवतीचे केस श्वास गोठून पांढरे झाले होते. ती चघळत होती, मग तिने मान उचलली आणि आमच्याकडे पाहिलं.