सूर्याचं काय चुकलं?

सूर्याबद्दल मला पहिल्यापासून सहानुभूती आहे. चंद्राचे लाड करायला सगळे टपलेलेच. कवी त्याच्या बाजूचे, प्रेमात पडलेले त्याच्या बाजूचे, आणि आया तर त्याला थेट मामाच करून टाकतात. सूर्याला कुणी मामा म्हटल्याचं ऐकलंय? त्याच्या वाट्याला बारा नमस्कार, तेही डॉक्टरांनी सांगितले तर.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण समुद्राच्या भरतीचं श्रेयही चंद्रालाच! 'चंद्राच्या आकर्षणामुळे भरती येते' हे ठणकावून सांगायचं, आणि 'सूर्याचाही थोडा हातभार लागतो' हे मात्र लग्नपत्रिकेत खालच्या कोपऱ्यात किलबिलाट छापतात तसं. चंद्राचं हे प्रस्थ गॅलिलिओलाही पटलं नव्हतं. १६३२ सालच्या ग्रंथात त्याने केप्लरला टोमणा मारला आहे, की एवढा शहाणा माणूस आणि पाण्यावर चंद्राची सत्ता मानतो! त्याच्या मते पृथ्वीच्या फिरण्यानेच समुद्र डचमळत होता. १६८७ साली न्यूटनने निकाल दिला तो चंद्राच्या बाजूने.

आता हिशेब बघा. सूर्य चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट जड. तो ३९० पट लांब आहे हे कबूल. पण अंतराच्या वर्गाने भागूनसुद्धा पृथ्वीवरची त्याची ओढ चंद्राच्या जवळजवळ १८० पट भरते. आणि भरती आणण्यातला वाटा? चंद्राच्या शेकडा ४६! कुठल्याही युनियनने संप पुकारावा असा हा मामला.

ही तक्रार घेऊन मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका स्नेह्यांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, भरती ओढीने येत नाही. ओढीतल्या फरकाने येते." चंद्र जवळ असल्यामुळे समोरच्या समुद्राला जास्त ओढतो, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी आणि पाठीमागच्या समुद्राला सगळ्यांत कमी. तिघांची अशी ताणाताण झाली की पाणी पुढेही फुगतं आणि मागेही. पृथ्वी या दोन्ही फुगवट्यांखालून फिरते, म्हणून दिवसातून दोनदा भरती. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. तिथून पृथ्वीची ही बाजू काय नि ती बाजू काय! तो सगळ्यांना जवळपास सारखंच ओढतो. हा फरक काढायचा तर अंतराच्या घनाने भागावं लागतं आणि त्यात सूर्य मार खातो.

म्हणजे समदृष्टी हाच सूर्याचा गुन्हा! सर्वांभूती समभाव ठेवा असं आपले संत शतकानुशतकं सांगत आले, आणि समुद्र हलतो तो आपपरभाव करणाऱ्यामुळे. मला त्या रात्री झोप आली नाही. कारण असा एक सूर्य आणि असा एक चंद्र आमच्याच घरात होता.

थोरले काका म्हणजे सूर्य. माणूस थोर. पण आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला "बरं आहे ना?" असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं, त्याच आवाजात ते दूधवाल्याला आणि पोस्टमनलाही विचारत. आत्या दोन दारं सोडून राहायची. ती मऊ भात घेऊन यायची, आईशी भांडायची, डॉक्टरला शिव्या घालायची आणि जाताना आईची वेणी घालून जायची. आई हसली ती तिच्यामुळे, रडलीही तिच्यामुळे. काकांमुळे एक थेंब हलला नाही.

माझं मत तेव्हाच आत्याला पडलं होतं. मग १९९३च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं मेली. आत्या वर्तमानपत्र बघून "अरेरे" म्हणाली, अगदी मनापासून म्हणाली, आणि पुढच्याच वाक्यात माझा खोकला कसा आहे ते विचारलं. काकांनी कुणाला न सांगता दोन महिन्यांचं पेन्शन पाठवून दिलं. लातूर जिल्ह्यात त्यांच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. किल्लारीच्या माणसाने मत कुणाला द्यावं? आणि सूर्य समुद्राला फारसा फुगवत नसेल, पण त्या समुद्रासकट अख्ख्या पृथ्वीला धरून ठेवतो तोच ना? भरती दिसते. धरून ठेवणं दिसत नाही.

यावर कोकणातल्या कोळ्यांनी आपल्यापुरता तोडगा काढलेला आहे. ते भरतीची वेळ तिथीवरून काढतात, आणि तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती सरकला त्याचं बारा-बारा अंशांचं माप. नाव चंद्राचं, हिशेब दोघांचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला दोघं काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाची भरती. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.

आमच्या घरी बाराही महिने अष्टमी असे.