खोली भाड्याने देणे आहे

सोमवारी सकाळी लोणावळ्यात फेरफटका मारला, तर एक विसंगती डोळ्यांत भरते. शनिवार-रविवारपुरते उघडलेले बंगले व सदनिका पुन्हा कुलूपबंद झालेल्या असतात. आणि हॉटेलात राबणारी, चिक्कीच्या कारखान्यात खपणारी माणसे एकेका खोलीत चौघे-चौघे राहत असतात. जागा नाही असे नव्हे. ती कोणास द्यावी, हा प्रश्न आहे.

आमच्या धर्मग्रामातील मुलेमुली नोकरीसाठी पुण्या-मुंबईस जातात. एक खोली व स्वयंपाकघर एवढ्यासाठी अनामत, दलाली व अकरा महिन्यांचा करार हे सारे त्यांना सोसावे लागते. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदणी सक्तीची केली, म्हणून अकरा महिन्यांची प्रथा रूढ झाली. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने असे करारही लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. तरी अकरा महिने राहिलेच. पण मुलांच्या मनाला लागते ते निराळेच. "आडनाव काय? मांसमच्छी खाता काय?" या प्रश्नांपाशी दार बंद होते.

काही वर्षांपूर्वी तळेगावात खोली शोधणारी एक परिचारिका आमच्याकडे आली. आपल्याच एका कुटुंबाची खोली रिकामी होती. त्यांनी विचारले, "फादर, मुलगी आपल्यातली आहे ना?" ती नव्हती. आम्ही तसे सांगितले आणि गप्प बसलो. खोली तिला मिळाली नाही. त्याच कुटुंबाची कन्या त्या वर्षी मुंबईत आडनावापायी तीन दारांवरून परतली होती, आणि तिच्यासाठी आम्हीच शिफारसपत्र लिहिले होते. आमचे ते मौन आम्हांस आजही टोचते.

घर कष्टाचे असते. भाडेकरू भाडे वेळेवर देईल काय, शेजार राखील काय, हे मालकाने अवश्य विचारावे. हे प्रश्न वागणुकीचे आहेत. जन्माचा प्रश्न त्यांत बसत नाही. कायदा काही वेळा त्यास वाव देतो, हे खरे. अमदावादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवला. वांद्र्यास आपल्या लोकांनीही १९१८ साली साल्सेट कॅथॉलिक गृहनिर्माण संस्था उभारली. अल्पसंख्य समाजाने परक्या शहरात एकमेकांस आधार द्यावा, हे आम्ही समजू शकतो. परंतु न्यायालयास जे मान्य, ते सदसद्विवेकबुद्धीस मान्य असेलच असे नाही. आपल्या लेकीला जो प्रश्न कोणी विचारू नये असे वाटते, तो परक्याच्या लेकीला आपण कोणत्या तोंडाने विचारावा?

नाताळच्या नाटिकेत आपण मारिया व योसेफ यांना हाकलणारा धर्मशाळेचा मालक हमखास दाखवतो. शुभवर्तमानात मात्र त्याचा उल्लेखच नाही. जागा नव्हती, एवढेच तेथे सांगितले आहे. तो मालक आपण आपल्या कल्पनेने उभा केला, कदाचित आपल्या परिचयातूनच.

प्रिय वाचकहो, आम्ही स्वतःपुरते एक ठरवले आहे. शिफारसपत्रात माणसाची वागणूक लिहावयाची. 'आपल्यातला' हा शब्द यापुढे लिहावयाचा नाही, आणि कोणी विचारले, तर गप्पही बसावयाचे नाही.