पाचवा तारा

'बाल्डर्स गेट २' हा बायोवेअर या कॅनेडियन संस्थेने २००० साली काढलेला संगणकीय खेळ. त्यातील योद्ध्याला दर तीन पातळ्यांनंतर एक गुण मिळतो, आणि तो खड्ग, परशू, गदा अशा एखाद्या शस्त्रविद्येत घालावा लागतो. निव्वळ योद्धा एका विद्येत पाच ताऱ्यांपर्यंत जाऊ शकतो. मात्र दिलेला गुण परत घेता येत नाही, आणि पुढे कोणते शस्त्र हाती लागेल हे नवख्याला ठाऊक नसते.

जाणकार मंडळी उत्तम शस्त्रे कोठे दडली आहेत हे आधी पाहून गुण वाटतात. त्यांचे चुकत नाही. पण याला निवड म्हणावे की हिशेब?

मी अजाणता सारे गुण खड्गात घातले. पुढे मातीचा राक्षस आडवा आला. त्याच्यावर धारदार शस्त्र चालत नाही! तेव्हा गदा पेलणारा सोबती पुढे सरला. खेळात सहा जणांचा मेळा का असतो, ते त्या क्षणी उमगले.

व्यवसाय, विद्या आपणही अशाच अर्ध्या माहितीवर पत्करतो. एकात पारंगत होणे म्हणजे इतर गोष्टींत दुसऱ्यावर विसंबणे. ते अवलंबित्व ज्याला कमीपणाचे वाटत नाही, त्यानेच पाचव्या ताऱ्याची आस धरावी.