आणखी एक वर्ष

(वाचावें : लूक १३:१-९)



शिलोहाचा बुरूज अंगावर पडून जे अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असें प्रभु येशूनें स्पष्ट सांगितलें. परंतु ऐकणाऱ्या सर्वांसच त्यानें पश्चात्ताप करण्यास बजाविलें. लागलीच त्यानें निष्फळ अंजिराचा दाखला दिला. धनी झाड तोडावयास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो. पण तो नुसती मुदत मागत नाहीं. मी भोंवतालची जमीन खणीन व खत घालीन, असें वचन देतो. दया मागणाऱ्याच्या हातीं कुदळ आहे, हें ध्यानांत ठेवा.

ह्या दाखल्याचा अर्थ एका दूरच्या देशाच्या इतिहासांत उघड दिसतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यभागीं विस्तीर्ण गवताळ मैदानें आहेत. तेथें पाऊस थोडा व वारा फार. गवताच्या खोल मुळांनीं माती धरून ठेविली होती. तेथील मूळच्या लोकांस हटविण्यांत आलें, आणि १८६२ च्या कायद्यानें नव्या कुटुंबांस १६०-१६० एकर जमीन मिळूं लागली. पुढें पहिल्या महायुद्धांत गव्हाचा भाव चढला, तसें लाखों एकर गवत नांगराखालीं गेलें. १९३० नंतर अवर्षण पडलें, तेव्हां उघडी माती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजीं, झावळ्यांच्या रविवारीं, धुळीची काळी भिंत चालून आली व भर दुपारीं अंधार पडला. पुष्कळांस जगाचा शेवट आला असें वाटलें. त्या दहा वर्षांत सुमारें २५ लाख लोक मैदानांतील संस्थानें सोडून गेले.

हे लोक इतरांहून अधिक पापी होते काय? नाहीं. ते बहुतेक कष्टाळू व प्रार्थना करणारे शेतकरी होते. तरी जमिनीशीं वागण्याची त्यांची रीत बदलणें अवश्य होतें. ह्यू बेनेट नांवाचे मृत्तिकाशास्त्रज्ञ कित्येक वर्षें हाच इशारा देत होते. त्या काळ्या रविवारानंतर तेराव्या दिवशीं मृद्‌संधारणाचा कायदा झाला. उताराला आडवी नांगरट सुरू झाली, शेतांत धसकटें राखलीं, आणि १९४२ पर्यंत वारा अडविण्यासाठीं सुमारें २२ कोटी झाडें लाविलीं गेलीं. १९५० नंतर अवर्षण फिरून आलें, परंतु पूर्वीसारखी दुर्दशा झाली नाहीं. माळ्यानें मागितलेलें वर्ष खणण्यांत व खत घालण्यांत गेलें होतें.

आतां तेथें दुसरी परीक्षा आली आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्यानें पृथ्वी एका अंशाहून अधिक तापली आहे. उन्हाळे कडक होत आहेत आणि पाऊस लहरी झाला आहे. मैदानांच्या पोटांत ओगल्लाला नांवाचा हजारों वर्षांचा जलसांठा आहे. दक्षिणेकडे तो भरतो त्याहून फार वेगानें उपसला जातो, आणि कित्येक विहिरी आटल्या आहेत. म्हणून कित्येक शेतकरी मक्याऐवजीं कमी पाण्याची ज्वारी पेरितात. कॅन्सास संस्थान तर तिच्या पिकांत त्या देशांत अग्रेसर आहे. कोणी न नांगरतां पेरितात. कोणी गुरें एका कुरणांतून दुसऱ्यांत फिरवून गवताला विसांवा देतात. १९८५ पासून दुबळी जमीन पुनः गवताखालीं आणणाऱ्यांस सरकार मोबदला देतें.

बंधूंनो, ज्यानें कधीं कोळसा जाळला नाहीं, त्या मेंढपाळाच्या कुरणासहि ही उष्णता सोडीत नाहीं. म्हणून ज्याची विहीर आटली त्याचें पाप शोधीत बसूं नका. उपदेशक बंधूंनो, हें विशेषेंकरून तुम्हांस सांगणें आहे. पीक बुडालेल्या घरीं दोष काढावयास जाऊं नका; प्रार्थना करा, आणि मग बांध घालण्यास त्याच्याबरोबर कुदळ घेऊन जा. जी माउली शेण थापून चूल पेटविते तिला बोल लावूं नका. तिला दुसरें सरपण मिळेल अशी तजवीज मंडळीनें करावी, म्हणजे तें शेण शेतास मिळेल. ज्यांनीं अधिक जाळलें त्यांच्याकडून अधिक मागितलें जाईल. परंतु आपल्या हातांतील वावराचा जाब आपणच देणार.

त्या अंजिराला पुढें फळ आलें कीं नाहीं, हें प्रभूनें सांगितलें नाहीं. तें वर्ष अद्याप चालू आहे, आणि तें कायमचें नाहीं.

हे दयाळू पित्या, तूं दिलेली मुदत आम्ही व्यर्थ दवडूं नये म्हणून आम्हांस नम्र मन व कष्टाळू हात दे. आमेन.