साक्षी आणि साक्षीदार : परक्या नगरावरील प्रेमाची नैतिकता

एकट्याने दीर्घकाळ परदेशात राहणारा प्रवासी एखाद्या नगराच्या प्रेमात पडतो, तेव्हा त्या प्रेमाचे स्वरूप नेमके काय असते? जन्मस्थानाशी असलेल्या नात्यात निवड नसते. तेथे नाते आधी असते, त्याची जाणीव नंतर होते. परके नगर मात्र निवडलेले असते. म्हणूनच हे प्रेम अधिक मुक्त व अधिक निखळ आहे, असे मानण्याकडे प्रवाससाहित्याचा कल दिसतो. परंतु जे निवडता येते ते सोडताही येते. सोडून जाण्याची ही मुभा या प्रेमाला नैतिकदृष्ट्या उणे करते काय? क्रिस्टफर इशरवुड या इंग्रज लेखकाच्या बर्लिन-पर्वाच्या आधारे हा प्रश्न तपासता येईल. कारण त्याचे उत्तर शोधताना इशरवुडला स्वतःच्याच लेखनाविरुद्ध उभे राहावे लागले.

इशरवुड मार्च १९२९ मध्ये बर्लिनला प्रथम गेला, त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे राहावयास गेला आणि मे १९३३ मध्ये त्याने ते नगर सोडले. समलिंगी संबंध इंग्लंडप्रमाणे जर्मनीतही कायद्याने गुन्हाच होते; तरीही बर्लिनमध्ये असे जीवन तुलनेने उघडपणे जगता येत होते. इंग्रजीच्या शिकवण्या करीत राहणाऱ्या या तरुणाला त्या नगराने त्याचे ‘स्व’त्व दिले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. त्याच काळात जर्मनीतील बेकारांची संख्या वाढत जाऊन १९३२ च्या आरंभी साठ लाखांच्या घरात पोहोचली होती. एकाच्या मुक्तीचा अवकाश तोच इतरांच्या विपन्नतेचाही अवकाश होता. या अनुभवातून ‘मिस्टर नॉरिस चेंजेस ट्रेन्स’ (१९३५) आणि ‘गुडबाय टू बर्लिन’ (१९३९) ही पुस्तके निर्माण झाली.

दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी निवेदक स्वतःला झडप उघडी असलेल्या कॅमेऱ्याची उपमा देतो. तटस्थ निवेदनाचा आदर्श म्हणून समीक्षेने ही उपमा वारंवार उद्धृत केली. मात्र टिपलेले सारे पुढे केव्हातरी काळजीपूर्वक धुऊन, छापून पक्के करावे लागेल, असेही निवेदक तेथेच म्हणतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते. टिपणे आणि पक्के करणे यांमधील हे अंतर हेच नैतिकतेचे क्षेत्र होय. पुस्तकाच्या अखेरीस निवेदकाच्या मनात अटक झालेल्या, कदाचित छळ सोसत असलेल्या एका कोवळ्या मुलाचा विचार येतो. आणि त्याच क्षणी दुकानाच्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. तो चेहरा हसत असतो. हवा सुंदर आहे, एवढेच त्या हसण्याचे कारण. कॅमेऱ्याने येथे प्रथमच स्वतःला टिपले आहे.

याच्या जोडीला घरमालकीण फ्रॉइलाइन श्रोडर हिचे चित्र ठेवून पाहावे. आदल्या नोव्हेंबरात कम्युनिस्टांना मत देणारी ही बाई आता हिटलरचा उल्लेख आदराने करू लागते. निवेदक तिला दोष देत नाही. ऋतू पालटला की प्राण्याची लव पालटावी, तसे तिचे पालटणे त्याला वाटते. ही सहानुभूती खरी आहे, परंतु ती निघून जाणाऱ्याची सहानुभूती आहे. श्रोडरबाईला त्याच नगरात जगावयाचे आहे, तर निवेदकाजवळ ब्रिटिश पारपत्र आहे. प्रवाशाचे औदार्य आणि रहिवाशाची तडजोड यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

पारपत्राचे हे सत्य इशरवुडच्या आयुष्यात अधिक निष्ठुरपणे प्रकटले. त्याच्याबरोबर बर्लिन सोडलेल्या हाइन्त्स या जर्मन प्रियकराला जानेवारी १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये प्रवेश नाकारण्यात आला. दोघे देशोदेशी भटकत राहिले आणि १९३७ मध्ये हाइन्त्स जर्मन पोलिसांच्या हाती सापडला. तुरुंगवास, श्रमसेवा आणि सैन्यातील सक्तीची नोकरी त्याच्या वाट्याला आली. नगर सोडता येते. पण नगरातले माणूस बरोबर नेऊ म्हटले, तर आपली मुभा किती एकट्यापुरती होती हे कळते.

१९५६ मध्ये जेरल्ड हॅमिल्टन यांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत इशरवुडने आपल्या बर्लिन-लेखनाची निर्भर्त्सना केली. त्या नगरातील खरा राक्षस कोणी असेल, तर तो लोकांच्या दैन्यातून मजेत हिंडणारा आणि आपल्या कल्पनेनुसार त्याचा अर्थ लावणारा परदेशी तरुणच होता, अशा आशयाचा तो कबुलीजबाब आहे. मधल्या काळात तो स्वामी प्रभवानंद यांचा शिष्य झाला होता आणि त्यांच्यासमवेत त्याने केलेला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. साक्षीभावाची संकल्पना त्याला अपरिचित नव्हती. परंतु अलिप्त प्रेक्षकाची वृत्ती म्हणजे साक्षीभाव नव्हे. गीतेच्या नवव्या अध्यायात ‘साक्षी’ हे ईश्वराचे विशेषण येते, ते ‘निवास’, ‘शरण’ आणि ‘सुहृद्’ या विशेषणांच्या पंक्तीत. तेथे पाहणारा हाच आश्रय देणारा आहे. मानवी निरीक्षकाला ती भूमिका पेलणारी नाही. मात्र आश्रय न देता केवळ पाहणे म्हणजे साक्षित्व नव्हे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

मराठीत ‘साक्षी’ आणि ‘साक्षीदार’ हे शब्द एकाच मुळातून आले, तरी दुसऱ्याला साक्ष द्यावी लागते, उलटतपासणीस सामोरे जावे लागते. १९७६ च्या ‘क्रिस्टफर अँड हिज काइंड’ या आत्मचरित्रात इशरवुडने आपल्या तरुण रूपाचा निर्देश तृतीय पुरुषात केला आणि पूर्वीच्या पुस्तकांनी झाकलेले सारे उघड केले. येथे आरोपी तोच, साक्षीदारही तोच.

सोडून जाण्याची मुभा परक्या नगरावरील प्रेमाला खोटे ठरवीत नाही. ती त्याला ऋणी ठरवते. जे तेथे राहिले त्यांच्याविषयी, आणि त्यांच्यामध्ये आपण कसे वावरलो याविषयी, खरी साक्ष देणे हीच त्या ऋणाची फेड. ती विलंबाने झाली म्हणून निरर्थक होत नाही. परंतु विलंबाची किंमत बहुधा प्रवाशाने नव्हे, रहिवाशाने मोजलेली असते, याचाही हिशेब त्या साक्षीत असावयास हवा.