विस्तव, बांध आणि शेजारधर्म

दरवर्षी १४ एप्रिल रोजी आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, आणि त्यापुढील सप्ताहात शाळांतून, कचेऱ्यांतून व बाजारपेठांतून आगीपासून बचाव कसा करावा याचे धडे दिले जातात. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजास आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गाठींबरोबर स्फोटके भरलेली होती. आग विझविण्यास गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण प्राणांस मुकले, आणि भोवतालच्या वस्तीतील शेकडो माणसे मेली. आपल्या शेजारी काय येऊन उभे राहिले आहे, हे त्या वस्तीस ठाऊक नव्हते. तेव्हा त्या दिवसाच्या निमित्ताने जे शिक्षण चालते, त्याचा पाया साहजिकच असा आहे की, लोक अजाण आहेत. त्यांस कळले म्हणजे ते सावध होतील. हा पाया सर्वत्र टिकतो काय, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे.

त्यासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग डोळ्यांपुढे आणावा. नाणेघाटापासून भीमाशंकराच्या डोंगरापर्यंत पसरलेला, कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या उगमाकडचा हा मुलूख. येथे महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. भात, नाचणी व वरई ही पिके आहेत आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करून चार पैसे मिळविण्याची रीत आहे. माघ सरला की येथील डोंगरउतार वाळलेल्या गवताने पिवळे पडतात, आणि मग रात्री दूरवर वणव्याच्या रेषा वाकड्यातिकड्या सरकताना दिसू लागतात. अग्निसप्ताह उजाडेपर्यंत पुष्कळसे डोंगर काळे होऊन गेलेले असतात.

येथील मनुष्यास आगीचे ज्ञान नाही, असे कोणी म्हणू लागल्यास त्याने राब भाजताना एकवार पाहावा. रोपे टाकावयाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या व गवत यांचे थर रचून वर माती पसरतात. मग वारा पडलेला पाहून, वारा ज्या दिशेस जातो त्या कडेने विस्तव लावतात, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट सरकते, भडकत नाही आणि जमीन सावकाश भाजून निघते. तणाचे बी जळते व रोपास जोम येतो. वारा, उतार, इंधनाची जाडी आणि वेळ या चार गोष्टींचा इतका नेमका हिशेब करणाऱ्या माणसास आपण शहरातून जाऊन ‘आग धोकादायक असते’ असे सांगावे, यात शिकविणाऱ्याचेच अज्ञान अधिक दिसते. आग उतारावरून वर चढताना वेग घेते, म्हणून विझविणाऱ्याने तिच्या वरच्या अंगास उभे राहू नये, हेही त्यास कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही.

मग वणवे लागतात ते का? कारणे अनेक आहेत. गवत जाळले की पुढील साली ते जोमाने येते, असा एक जुना समज आहे. वास्तविक जळालेल्या उघड्या उतारावरील माती पहिल्या वळिवाबरोबर ओढ्यात जाते आणि पुढे चांगल्या गवताऐवजी रेताड जमिनीत तगणारे खरड गवत उरते. कोठे बांधावरचा काडीकचरा पेटवून माणूस घरी निघून जातो. शिवाय किल्ल्यांवर व घाटमाथ्यावर हिंडावयास येणारी शहरातील मंडळी विडी-सिगारेटची थोटके टाकतात, शेकोट्या अर्धवट विझवून निघून जातात. त्यांचा वाटा या हिशेबातून वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु या सर्व कारणांच्या बुडाशी आम्हांस एकच गोष्ट दिसते. राबाचा विस्तव माणूस राखतो, कारण राब त्याचा आहे. बांधापलीकडे गेलेला विस्तव तो राखीत नाही, कारण तेथील गवत त्याचे नाही. उणीव ज्ञानाची नाही. ‘माझे’ या शब्दाची कक्षा बांधापाशी संपते, ही खरी उणीव आहे. कळते पण वळत नाही, असे आपण सहज म्हणून जातो; परंतु का वळत नाही, हे विचारीत नाही.

येथे पूर्वपक्ष मांडणारा म्हणेल की, ही कक्षा आखली कोणी? १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वन कायद्याने डोंगर सरकारचे झाले. राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरला. इतकेच नव्हे, तर ज्यांना तेथे काही हक्क वा सवलत आहे, त्यांनी वणव्याची वर्दी द्यावी व तो विझविण्यास धावावे, असेही बंधन घालण्यात आले. गावाचा म्हणून वनावरील हक्क मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य झाला, आणि वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेस मिळाला. म्हणजे कर्तव्य आधी आले आणि हक्क पुढे कित्येक वर्षांनी. ज्याचे घर म्हणून मान्य नाही, त्यास ते घर जपण्याचा उपदेश करावा, हा कोठला न्याय?

या आक्षेपातील सत्य आम्ही निमूटपणे मान्य करतो. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष आम्हांस मान्य करवत नाही. महाभारतातील खांडववनाची कथा आठवावी. कृष्ण आणि अर्जुन यांनी अग्नीस ते वन अर्पण केले. त्या कार्यास देवाची मागणी होती, वीरांची प्रतिज्ञा होती. तरीही त्या ज्वाळांच्या मध्यभागी व्यास थांबतो आणि ज्यांना अजून पंख फुटलेले नाहीत अशी चार शार्ङ्गक पिले व त्यांना टाकून जाववत नाही अशी त्यांची आई जरिता, यांची गोष्ट सविस्तर सांगतो. वन कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्या पिलांच्या लेखी नव्हताच. आमच्या माळावर उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते; तिलाही सातबारा वाचता येत नाही. सरकारने अन्याय केला म्हणून टिटवीचे देणे फिटत नाही, आणि ज्याच्या हिरड्याच्या झाडांस झळ लागून हंगामाचे पैसे गेले, त्या शेजाऱ्याचेही नाही. हक्क नाकारला गेल्याने सरकारशी असलेले आपले नाते बिघडते. शेजाऱ्याशी असलेले नाते त्याने सुटत नाही. ज्याचा विस्तव त्याचा वणवा, हा नियम कायद्याहून जुना आहे.

तथापि हा नियम सांगण्याचा अधिकार कोणास, हाही प्रश्न उरतोच. डोंगरावर बंब चढत नाही. तेथे वणवा विझतो तो ओल्या फांद्यांनी झोडपून आणि आधीच गवत काढून राखलेल्या जाळरेषेने. म्हणजे गावातील माणसांच्या अंगमेहनतीने. जो शिकविणारा सप्ताह संपताच परत जातो, जाळरेषा काढताना दिसत नाही आणि गवत कापून नेण्यास मजुरी परवडत नाही ही अडचण ऐकून घेत नाही, त्याचा उपदेशही बांधापर्यंतच पोहोचतो. ‘माझे’ या शब्दाची कक्षा त्यानेही वाढविलेली नसते. शिक्षणास जावयाचे तर माघात जावे, राब भाजणाऱ्याच्या शेजारी बसावे, त्याच्याजवळ आहे ते ज्ञान आधी शिकून घ्यावे, आणि मग एवढेच विचारावे की, इतक्या काळजीने राखलेला हा विस्तव बांधापाशीच परका का होतो?

आणि आम्ही, जे सुटीच्या दिवशी जीवधन वा चावंड चढावयास जातो, त्यांनी पहिला धडा स्वतःसच द्यावा. राब भाजणारा निदान स्वतःच्या पोटासाठी विस्तव लावतो व तो विझेपर्यंत जवळ बसतो. आमची शेकोटी हौसेची असते. तिची राख हाताला गार लागेपर्यंत थांबण्याइतका वेळ आमच्यापाशी नसेल, तर ती पेटविण्याचा अधिकारही आम्हांस नाही.