विटाळ कातड्याचा की हातांचा?

काही देवळांच्या दारात कमरेचा चामडी पट्टा काढून ठेवावा लागतो. पट्टा काढला की विटाळही संपला, आणि माणूस निःशंकपणे गाभाऱ्यापर्यंत जातो. ज्याने तो पट्टा कापला, शिवला, घोटून चकचकीत केला, त्याला मात्र दारात काढून ठेवण्याजोगे काहीच नव्हते. त्याच्या पूर्वजांना शतकानुशतके पायरीखालीच थांबावे लागले. या भेदाच्या समर्थनात एक सरळ दिसणारी साखळी मांडली जाते : मेलेल्या जनावराचे कातडे अशुद्ध, म्हणून ते हाताळणारा अशुद्ध. पण ही साखळी धर्मग्रंथांनी स्वतः घालून दिलेल्या कसोटीवरही टिकत नाही. विटाळ कातड्यात कधीच नव्हता, तो जन्माने नेमून दिलेल्या हातांवर लादला गेला. आणि हे मान्य केले, तर श्रमाचा गौरव करून हा प्रश्न मिटवता येत नाही, हेही मान्य करावे लागते.

आधी ग्रंथांचीच साक्ष काढू. गीतेचा सहावा अध्याय योग्याचे आसन सांगताना दर्भ आणि वस्त्र यांच्या जोडीला मृगाजिनही सांगतो. मनुस्मृती ब्रह्मचाऱ्याला वर्णानुसार काळवीट, हरीण किंवा बोकड यांचे कातडे पांघरायला लावते. तिच्याच पाचव्या अध्यायात कातड्याची शुद्धी कापडाप्रमाणे करावी असा नियम आहे; म्हणजे मळले तर धुवावे आणि वापरावे. पण चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची यादी येते, तेव्हा चर्मकाराचे अन्न खाणाऱ्याची कीर्ती नष्ट होते असे बजावले जाते. वस्तू धुऊन शुद्ध होते, कारागीर होत नाही. त्याच यादीत सोनाराचे अन्नही आयुष्य घटवणारे ठरवले आहे. सोन्याइतका शुद्ध मानलेला धातू दुसरा नाही. तरीही सोनार त्या यादीत बसतो, याचा अर्थ यादी करणाऱ्याची नजर पदार्थावर नव्हती, हाताने काम करणाऱ्या माणसाच्या स्थानावर होती.

खुद्द कामाचे स्वरूप पाहिले तर विसंगती आणखी ठळक होते. ओले कातडे तसेच ठेवले तर सडते. म्हणून त्याला मीठ लावतात, चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सुटे करतात, आतल्या बाजूचे मांस खरवडतात आणि मग बाभळीची साल, हिरडा यांच्या काढ्यात मुरवत ठेवतात. त्यातले टॅनिन कातड्याच्या तंतूंशी बांधले जाते आणि कुजणे थांबते. पुढे पाठीच्या घट्ट भागातून पट्टी कापायची, रापीने कडा तासायच्या, त्या ओल्या करून लाकडाने घासत राहायचे. मग सुटे तंतू बसतात आणि मेणाने कड गुळगुळीत होते. सडणाऱ्या वस्तूला वर्षानुवर्षे टिकणारी करणे, हे शुद्धीकरण नाही तर काय? ज्याच्या हातून शुद्धी घडते, त्यालाच अशुद्ध म्हणायचे, हा व्यवहार तर्काने समजत नाही, सत्तेने समजतो.

यावर पहिला आक्षेप आरोग्याचा : कमावण्याच्या कुंडांना दुर्गंधी येते, रोगाची भीती असते, म्हणून हे अंतर राखले गेले. पण दुर्गंधी अंघोळीने जाते. ज्या मुलाने कातड्याला कधी बोटही लावले नाही, त्यालाही जन्मापासून तोच विटाळ चिकटला, याचे उत्तर आरोग्यशास्त्रात सापडत नाही. दुसरा आक्षेप अहिंसेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. चामड्यामागे प्राण्याचा मृत्यू असतो हे खरेच. पण गावगाड्यात ओढून नेले जाई ते बहुधा आपोआप मेलेले जनावर. आणि जिथे हत्या झाली, तिथे दोष असेलच तर वापरणाऱ्यालाही तेवढाच लागला पाहिजे. चामड्याच्या मोटेचे पाणी पिकाला चालले, पखवाजाची पुडी कीर्तनाला चालली. हिशेब फक्त कातडे सोलणाऱ्याच्या नावे मांडला गेला. चामडे सर्वस्वी नाकारणाऱ्या माणसाची भूमिका सुसंगत आहे, तिचा आदरच करावा. मात्र तिचा आधार घेऊन जातीचे समर्थन करता येत नाही.

तिसरे म्हणणे असे की संतांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला. संत रोहिदासांच्या कथेत कातडे भिजवण्याच्या कठवतीतच गंगा अवतरते. विटाळाच्या कल्पनेला याहून थेट उत्तर नसेल. पण ते उत्तर देवाच्या दरबारात मानले गेले, गावात नाही. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणमध्ये चर्मकार हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झाला, तेव्हा लिंगायत परंपरेनुसार दोन्ही वडिलांना प्राण गमवावे लागले. पंढरपुरात तर कातड्याने मढवलेली वाद्ये विठ्ठलासमोर वाजत राहिली आणि अस्पृश्यांना मंदिर खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

म्हणूनच गांधी आणि आंबेडकर यांच्यातला फरक इथे निर्णायक ठरतो. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी चपला शिवायला शिकले. त्यांना शिकवणारे कॅलनबाख हे वास्तुविशारद, आणि कॅलनबाख ती कला ट्रॅपिस्ट ख्रिस्ती साधूंच्या मठात शिकलेले. पुढे गांधीजींनी स्वतः केलेला जोड तिथल्या सरकारातले जनरल स्मट्स यांना भेट दिला. या श्रमाने गांधींची उंची वाढली. तीच आरी, तेच चामडे चांभाराच्या मुलाच्या हाती असते तर त्याची उंची वाढली नसती, कारण त्याने ते निवडलेले नव्हते. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला मेलेली जनावरे ओढणे सोडा असे सांगितले, ते कामाला हलके मानून नव्हे. सोडता न येणारे काम गुलामी असते, हे ओळखून.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हाताने शिवलेल्या पट्ट्याला आज शहरी दुकानात चांगला भाव येतो. हे स्वागतार्ह आहे, पण वस्तूचा मान आपण मनूच्या काळापासून राखत आलो आहोत, त्यात नवे काही नाही. धर्माच्या दृष्टीने खरी कसोटी दुहेरी आहे : चांभाराच्या मुलीला हे काम सहज नाकारता यावे, आणि इतर कोणाच्याही मुलीने ते स्वीकारले तर तिच्या सोयरिकीला त्याने बाधा येऊ नये. या दोन्ही गोष्टी घडेपर्यंत शुद्धीची गरज कातड्याला नाही, ती आपल्या धर्मकल्पनेला आहे.